गच्चीवरचा लसूण आणि न दिलेला अर्ज

आक्का, आज सकाळपासून मी चार वेळा गच्चीवर जाऊन आलो. तेथे आता पाहण्यासारखे काही उरलेले नाही. सात रिकाम्या पेट्या, उकरलेली माती आणि तुझा तो रॉकेलचा जुना डबा, एवढेच. तरी पाय ऐकत नाहीत. खाली येऊन टेबलाशी बसतो, टाक दौतीत बुडवतो, हात सवयीने 'विनंती विशेष' असे लिहून जातो, आणि तो कागद फाडून मी पुन्हा जिन्याकडे निघतो.

परवा चाळीच्या वाचनालयाचे चिटणीस आले होते. पुढच्या महिन्यात आपले मराठी राज्य येत आहे. त्याच्या स्वागताला चाळीचे हस्तलिखित निघणार आहे. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत जे चालले आणि आज जे नाहीत, त्यांच्यावर त्यात एकेक पान असेल. "पहिलं पान तुमच्या आक्कांचं, रायटरसाहेब. जन्म, गाव, गिरणीतली नोकरी, मोर्चे, सगळं क्रमवार येऊ द्या. तुम्हाला काय शिकवायचं!" असे म्हणाले. खरे आहे, मला शिकवायची गरज नाही. टपाल कचेरीबाहेरच्या माझ्या टेबलावर निम्म्या गिरणगावाचे अर्ज लिहिले गेले आहेत. मराठी पाचवीनंतर शाळा सुटली असली तरी माझ्या अर्जातला एक शब्द इकडचा तिकडे करण्याचे धाडस आजवर कोणा वकिलाने केलेले नाही. पण क्रमवार लिहायला बसलो की पहिल्याच ओळीत लसूण येतो, आणि लसूण आला की पुढचे सर्व येते.

म्हणून हे तुलाच लिहीत आहे. तुला वाचता येत नव्हते. माझे सगळे अर्ज मी तुला मोठ्याने वाचून दाखवायचो आणि तू तांदूळ निवडत म्हणायचीस, "छान हाय. पर मागतोयस काय, ते कुठं हाय त्यात?"

गिरणीच्या रीळखात्यात तुझ्या छातीत कापूस भरला आणि दम्याने तुला घरी बसवले, त्याला आठ वर्षे झाली. बसलीस म्हणायचे एवढेच. पंधरा दिवसांत भायखळ्याच्या बाजारातून फळांच्या रिकाम्या पेट्या आल्या, परळच्या तबेल्यातून म्हशींचे वाळलेले शेण आले, चुलीची राख तू चाळून ठेवू लागलीस. दोन माणसांच्या आपल्या संसारात, पहिल्या माळ्यावरच्या आपल्या खोलीपुढच्या गॅलरीत, सात पेट्यांची शेती उभी राहिली. लोक तुळस लावतात, फार तर गोकर्ण चढवतात. मी विचारले, "आक्का, लसूणच का?" तू म्हणालीस, "गावाकडं माझ्या वाट्याला लसणाचाच वाफा व्हता. दुसरं मला येतंय काय?"

तुझी रीत मला पाठ आहे, कारण तिच्यातल्या प्रत्येक कलमावर मी तुझ्याशी वाद घातलेला आहे. नवरात्र बसण्याआधीच गावाहून आलेले गड्डे तू एका मडक्यात घालायचीस, ते मडके ओल्या वाळूत पुरून माठाच्या शेजारी ठेवायचीस आणि तीन आठवडे कोणाला हात लावू द्यायची नाहीस. मी म्हणालो, हा निव्वळ अडाणीपणा आहे. तू म्हणालीस, "थंडी लागल्याबिगर ह्याच्या पाकळ्या फुटत न्हाईत, नुसता कांद्यावानी गोळा व्हतो. ममईत थंडी कुठली? ही उसनी थंडी." मग दिवाळीच्या आधी लावणी. गड्ड्याच्या बाहेरच्या अंगाच्या जाड पाकळ्या तेवढ्या बियाण्याला, आतल्या बारक्या फोडणीला. "बारक्याच्या पोटी बारकंच येतंय, दत्तू." पाकळी सोलायची नाही; तिची कापडे तिच्या अंगावर राहू द्यायची. टोक आभाळाकडे, बूड खाली, बोटाच्या दोन पेरांएवढे खोल, दोन पाकळ्यांत चार बोटांचे अंतर. चार बोटे म्हणजे तुझी की माझी, असे मी विचारले होते. तू माझा पंजा धरून मातीवर ठेवलास आणि म्हणालीस, "तुझी लेखणीची बोटं. बारीक हायेत. सहा धर."

पातीसाठी शेजारणी यायच्या, तेव्हा तुझ्याइतके कठोर माणूस मी पाहिले नाही. एक पेटी पातीची म्हणून वेगळी होती; बाकीच्या सहांना कात्री लावू द्यायची नाहीस. पात कापली की गड्डा उपाशी राहतो, हे तू प्रत्येकीला सांगायचीस. एवढे सगळे करून तुझे गड्डे व्हायचे मात्र सुपारीएवढे. पूर्वेकडे समोरची चाळ आणि वर छप्पर, त्यामुळे गॅलरीत ऊन यायचे ते तासाभराचे. दरवर्षी तू गड्डा तळहातावर घेऊन म्हणायचीस, "पुढल्या वर्षी बघू." आणि मी म्हणायचो, "वासाला तर चांगला आहे." तेव्हा तू माझ्याकडे ज्या नजरेने पाहायचीस, ती नजर आज मला टोचते. तुला वास नको होता. तुला मूठभर गड्डा हवा होता.

चार वर्षांपूर्वीच्या त्या पौषात लालबाग-परळवर संचारबंदी होती. खाली पोलिसांची गाडी, शिट्ट्या, खिडक्या बंद करा म्हणून ओरडा. मी दाराला आतून अडसर घालून बसलो होतो. मागे वळून पाहतो तो तू आत नाहीसच; अडसर घालण्याआधीच तू बाहेर गेली होतीस. दाराच्या फटीतून पाहिले तर तू गॅलरीत गुडघ्यांवर रांगत, हातात तांब्या.

"आक्का, आत ये! गोळी घालतील!" मी दबक्या आवाजात ओरडलो.

"घालू दे की. आज लसणाच्या पाण्याची पाळी हाय. त्येला काय संचारबंदी हाय व्हय?"

तू सातही पेट्यांना पाणी घालून रांगतच आत आलीस. गुडघे चिखलाने भरले होते. मी तुला कायदा समजावून सांगितला. तू गुडघे पुसलेस आणि चहा टाकलास. दुसऱ्याच आठवड्यात तू मोर्च्यात पुढच्या रांगेत होतीस, आणि मी दिल्लीला पाठवायच्या निवेदनाचा मसुदा करीत होतो. ते निवेदन उत्तम झाले होते, हे मी आजही म्हणेन. पोस्टात टाकायचे मात्र राहून गेले.

आता त्या अर्जाबद्दल. येथवर आलो आणि पुन्हा उठलो, आक्का. गॅलरीत दोन फेऱ्या मारून आलो. लिहितो.

गेल्या श्रावणात माझ्या मनाने घेतले की, अर्जनवीसाच्या दारात विनापरवाना शेती असणे शोभत नाही. कोणी तक्रार केली नव्हती. आठ वर्षे कोणी बोट दाखवले नव्हते. तरीही मी चाळमालकांचा कारभार पाहणाऱ्या मेहताजींना अर्ज केला. 'सदरहू अर्जदाराची ज्येष्ठ भगिनी गॅलरीत सुमारे बारा मण मृत्तिकेमध्ये लसणाची लागवड करीत असून, त्यास रीतसर लेखी अनुमती मिळावी.' माती बारा मण नव्हती. चारही नसेल. पण चार मण मातीसाठी कोणी एवढा अर्ज करील का, असे मला वाटले. मजकुराला वजन यावे म्हणून मी मातीला वजन दिले.

मेहताजी त्यापूर्वी पहिल्या माळ्यावर कधी चढले नव्हते. अर्ज मिळाल्याच्या तिसऱ्या दिवशी चढले. धापा टाकत पेट्यांकडे पाहिले, मग गॅलरीच्या लाकडी खांबांकडे.

"रायटरसाहेब, बारा मण? गॅलरी लाकडानी हाय. उद्या खाली आली तर? हलवा. चार दिवसांत हलवा."

"पण मेहताजी, वास्तविक वजन पाहता..."

"तुमीच लिहून दिला ने. सहीसकट."

ते गेल्यावर तू दारात उभी होतीस. चिडली नाहीस. "आठ वर्सं माझा लसूण कुणाला दिसला न्हाई, दत्तू. तुझा कागुद दिसला," एवढेच म्हणालीस. मी म्हणालो, "कायद्याच्या दृष्टीने अर्ज निर्दोष होता." तू म्हणालीस, "व्हय. अर्ज निर्दोष, गॅलरी रिकामी."

पेट्या गच्चीवर गेल्या. हमालाने नेल्या, मी पुढे राहून सूचना दिल्या. तेव्हापासून दिवाळी ते माघ, आपल्या माळ्यावरच्या नळापासून गच्चीपर्यंत तीन जिने, दिवसाआड सकाळी, तू पाण्याचा डबा घेऊन चढत होतीस. प्रत्येक वळणावर थांबायचीस, डबा टेकवायचीस, छातीतली शिट्टी शांत होऊ द्यायचीस आणि पुन्हा उचलायचीस. मला ती शिट्टी घरच्या टेबलाशी बसून ऐकू यायची. मी एकदाही उठलो नाही. ज्याला सगळी चाळ रायटरसाहेब म्हणते, त्याने डबा घेऊन जिना चढावा, हे मला... वाक्य पूर्ण होत नाही, आक्का. पूर्ण करण्यासारखे त्यात काही नाही.

त्याऐवजी मी काय केले? वाद घातला. मेहताजी 'हलवा' म्हणाले होते, 'कोठे' ते म्हणाले नव्हते. तेव्हा गच्चीची तरी रीतसर परवानगी घ्यावी, असा मी हट्ट धरला. चार मसुदे केले. पाचवा वाचून दाखवायला लागलो तेव्हा तू निवडायचे सूप खाली ठेवलेस.

"पुन्यांदा कागुद केलास तर दौतीत मीठ घालीन. गच्चीवर कोन जातंय? कावळं आन् मी."

"उद्या कळले तर बेकायदा ठरेल."

"मग उद्या बघू. आज नगं."

तो वाद तेथेच थांबला. शिवरात्र होऊन दोन दिवस झाले होते. सकाळी शेजारच्या चाळीतल्या सोनूबाई धावत माझ्या टेबलाशी आल्या. तुझ्याबरोबर रीळखात्यात उभ्या राहिलेल्या सोनूबाई. त्यांच्या घरी बुद्धाची तसबीर लागली तेव्हा भिंतीत खिळा ठोकायला तूच स्टुलावर चढली होतीस. "भाऊ, चला," म्हणाल्या. तू वरच्या वळणावर भिंतीला टेकून बसली होतीस. शेजारी डबा होता, रिकामा. डॉक्टर म्हणाले, दमा जुना, हृदय थकलेले. मी विचारले, "जिने चढल्यामुळे?" ते म्हणाले, "कशानेही झाले असते." हे उत्तर झाले का? माझ्या अर्जाला कोणी असे उत्तर दिले असते तर मी स्मरणपत्र पाठवले असते. येथे कोणाला पाठवू?

मला जे दिसले ते एवढेच: रिकामा डबा. म्हणजे तू पाणी घालून उतरत होतीस. म्हणजे पाण्याने तुला मारले, म्हणजे गच्चीने, म्हणजे अर्जाने.

दुसऱ्या दिवसापासून डबा मी उचलला. दिवसाआड नव्हे, रोज. एकदा नव्हे, सकाळ-संध्याकाळ. सगळ्या चाळीदेखत. बायका नळावरून बाजूला व्हायच्या, कोणी हसले नाही, आणि न हसण्यानेच मला जास्त लाज वाटायची. वळणावर डबा टेकवून मी मुद्दाम तुझ्या जागी थांबायचो. पहिल्या दोन पेट्यांना तर मी एवढे पाणी घातले की खालून ओघळ यायचे. मधूनच बोटाने माती उकरून गड्डा केवढा झाला ते बघायचो, मग पुन्हा झाकायचो. पात खालून पिवळी पडत होती. मला वाटले, माझे पाणी कमी पडते आहे. डबे वाढवले.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी सोनूबाई गच्चीवर आल्या. मी डबा ओतत होतो. त्या दारातच थांबल्या.

"भाऊ, हे काय करताय?"

"पाणी घालतोय. आक्कानं जीव ओतलाय यात. मी वाळू देणार नाही."

"अहो, वाळूच द्यायचाय तो! पात पिवळी पडाय लागली की पाणी तोडायचं. मग पंधरा-वीस दिवस एक थेंब न्हाई, तवा गड्डा भरतो न् त्याची साल कागदासारखी होते. तुमी तर कुजवाल त्याला." त्यांनी डबा माझ्या हातातून काढून घेतला. "आक्कानं शिवरात्रीच्या आठ दिवस आधीच पाणी तोडलं होतं."

"असे कसे? त्या दिवशी डबा तिच्याजवळ होता. रिकामा."

"भाऊ, डबा कोरडा होता. तुमी हात घालून बघितला न्हाई व्हय? ती पाणी घालाय कुठं जात होती! डबा उपडा टाकायची न् त्याच्यावर बसून ऊन खायची, लसणाकडं बघत. मला पण बोलवायची. 'सोने, इथं दम लागत न्हाई' म्हणायची."

मग सोनूबाई पुढे म्हणाल्या, आणि आता हसू दाबत होत्या, "आनखी एक सांगू? तिनं सांगू नको म्हटलंवतं. एक दिवस तिनं कडंचा गड्डा चाचपून बघितला. गॅलरीतल्यापेक्षा दुप्पट. इथं दिवसभर ऊन, पहाटंचा गारवा; खाली गॅलरीत एवढा कसा होणार हो! म्हणाली, 'दत्तूच्या कागदानं गड्डं मोठं झालं गं. पर त्येला बोलू नको. ऐकलं तर आनखी चार अर्ज करंल.'"

आक्का, मी तेथेच डब्यावर बसलो.

सोनूबाईंनी माझ्यावरचा आरोप काढून टाकला, असे कोणी म्हणेल. मी म्हणत नाही. त्या आठ दिवसांआधीचे सगळे डबे तूच चढवलेस, हे कोठे जाते? आणि ते गड्डे मोठे झाले, तेही खरे. दोन्ही एकाच कागदाचे. मी आयुष्यभर लोकांना सांगत आलो की, एका अर्जात एकच मागणे करावे, दोन केली की कचेरी दोन्ही फेटाळते. आता हे दोन घेऊन मी रोज गच्चीवर येरझाऱ्या घालतो आणि कोणते आधी मांडावे ते ठरत नाही.

त्यानंतरचे अठरा दिवस मला काही करायचे नव्हते. याहून कठीण काम मला कोणी दिलेले नाही. पाणी घालायचे नाही, उकरायचे नाही, फक्त पात वाळताना पाहायची. मी दिवसातून सहा-सहा वेळा वर जायचो. सोनूबाई भेटल्या की बजावायच्या, "भाऊ, हात मागं बांधा." मी खरोखर मागे बांधून उभा राहायचो.

पाडवा झाल्यावर आम्ही दोघांनी लसूण काढला. उपटायचा नाही, खुरप्याने बाजूने माती सैल करून खालून उचलायचा, ही तुझी रीत सोनूबाईंनी मला करायला लावली. पहिल्या दोन पेट्या गेल्या. साली काळ्या पडल्या होत्या, गड्डे हातात सुटे झाले, कुजका वास सुटला. ते माझे पाणी होते. सोनूबाईंनी ते बाजूला टाकले. तिसऱ्या पेटीचा पहिला गड्डा वर आला आणि त्या म्हणाल्या, "अगं बया!" मी तो मुठीत धरून पाहिला. मूठ मिटेना. पांढरा, घट्ट, जांभळट शिरा असलेला. तुझा तळहात आठवला, त्यावरची सुपारी आठवली. बाराएक असे निघाले, बाकीचेही तुझ्या कोणत्याही वर्षीपेक्षा मोठे. धुतले नाहीत, माती बोटाने झाडली. पातीसकट जुड्या वळल्या आणि सावलीत, वारा लागेल अशा, आपल्या गॅलरीच्या वाशाला टांगल्या. सोनूबाईंना दोन जुड्या दिल्या. सर्वांत मोठे बारा बियाण्याचे म्हणून तुझ्या मडक्याशेजारी ठेवले आहेत. नवरात्राआधी वाळू ओली करीन. एका गड्ड्याची चटणी वाटली. तिखट फार झाली. तुझ्या ताटात वाढून ठेवली आणि मग मीच खाल्ली.

आज दुपारी मेहताजी आले होते. तू गेल्यापासून पहिल्यांदाच. टोपी काढून दारात उभे राहिले.

"बेन गेल्या. फार वाईट झाला, रायटरसाहेब." मग नाक वर करून म्हणाले, "लसणाचा वास येते."

"चाळ आहे. कोणाची तरी फोडणी असेल."

"हां." वर वाशाकडे त्यांनी पाहिले की नाही, मला कळले नाही. "काय अर्जबिर्ज हाय? असेल तर आत्ताच द्या, मी घेऊन जातो."

पाचवा मसुदा टेबलाच्या खणात होता. स्वच्छ अक्षरात, फक्त सही राहिलेला. गच्ची, पेट्या, माती, सर्व रीतसर. हात खणाकडे गेला, हे तुला खोटे सांगणार नाही.

"नाही," मी म्हणालो. "काही अर्ज नाही."

ते गेल्यावर मसुदा फाडला. मग चिटणीसांकडे जाऊन आलो. त्यांनी पहिले पान माझ्यासाठी कोरे ठेवले होते, वर तुझे नावसुद्धा कोणाच्या तरी सुंदर अक्षरात काढून ठेवले होते. मी त्यांना सांगितले की, लेख जमला नाही. ते चकित झाले. "तुम्हाला जमला नाही?" असे दोनदा म्हणाले. मी मान हलवली. हस्तलिखित सगळी चाळ वाचणार, मेहताजींच्या कानावर जाणार, आणि या लेखात गच्ची आहे.

तेव्हा हे कागद तुझ्या ट्रंकेत, तुझ्या खुरप्याखाली ठेवतो. चूक माझी होती, आक्का. पेट्यांत शेणखत घालून माती उन्हात तापत ठेवली आहे. गच्चीवर कोणी जात नाही. कावळे आणि मी.